ट्युनिशिया, इस्लामी पक्ष आणि अरब लोकशाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अरब देशांत लोकशाही का रुजत नाही, हा विषय आपल्याकडे गप्पांत निघाला की उत्तर बहुधा एका वाक्यात मिळतं आणि ते धर्मापाशी येऊन थांबतं. खालचे प्रश्न त्याच गप्पांमधले आहेत. उत्तरं देताना मी ट्युनिशिया हाच देश मध्यभागी ठेवला आहे. इजिप्त, अल्जीरिया आणि मोरोक्को येतात ते तुलनेपुरते.

अरब देश बावीस आहेत. मग ट्युनिशियाच का?

कारण २०११ नंतर सगळं करून पाहणारा हा एकच देश. हुकूमशहा पळाला, घटना समिती निवडून आली, इस्लामी पक्ष सत्तेत आला, त्याने सत्ता सोडली, घटना मंजूर झाली आणि विरोधकांनी मतपेटीतून सरकार बदललं. पुढे निवडून आलेल्या अध्यक्षानेच ही घडी मोडली. लोकसंख्या सुमारे १.२ कोटी, म्हणजे मुंबई महानगरापेक्षाही कमी. पण अरब राजकारणातला जवळपास प्रत्येक वाद इथे एकदा तरी उघड्यावर, मतदानाला घालून लढला गेला आहे.

या देशांच्या सीमा तर इंग्रज-फ्रेंचांनी नकाशावर रेघा मारून ठरवल्या ना?

काहींच्या. इराक, जॉर्डन, सीरिया, लेबनॉन यांच्याबाबत हे बरंचसं खरं आहे. १९१६ चा सायक्स-पिको करार, १९२० ची सान रेमो परिषद (दोन्हींत ऑटोमन साम्राज्याचे अरब प्रांत इंग्रज-फ्रेंचांनी वाटून घेतले), त्याच वर्षी फ्रेंचांनी अरब बंडाचा नेता फैसल याला दमास्कसमधून हुसकावणं आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्यालाच बगदादच्या गादीवर बसवणं, हा सगळा प्रकार तसाच घडला. पण तेच चित्र इजिप्त, मोरोक्को किंवा ट्युनिशियाला लावलं की फसतं.

ट्युनिशियात १७०५ पासून हुसेनी घराण्याचे 'बे' (तिथल्या राज्यकर्त्यांचा किताब) राज्य करत होते. नावाला ऑटोमन सुलतानाचे मांडलिक, व्यवहारात स्वतंत्र. त्यांनी १८४६ साली गुलामगिरी बंद केली आणि १८६१ साली लिखित घटना दिली. अरब जगातली ती पहिली. ती तीनच वर्षं टिकली. सैन्य आणि राजवाड्यांचा खर्च भागवण्यासाठी बेने डोईपट्टी दुप्पट केली, आतल्या भागातल्या टोळ्या उठल्या आणि १८६४ मध्ये घटना गुंडाळली गेली. त्यानंतर कर्ज, १८६९ मध्ये परकीय सावकारांचा वित्त आयोग आणि १८८१ मध्ये बार्डोचा तह करून फ्रेंच संरक्षित राज्य.

यातलं एक सूत्र पुढेही कामी येणार आहे. किनाऱ्यावरच्या राजधानीत सुधारणा होतात आणि त्यांचं बिल आतल्या दुष्काळी पट्ट्याच्या नावावर फाटतं.

स्वातंत्र्यानंतर बुर्गिबांनी नेमकं काय केलं?

हबीब बुर्गिबा पॅरिसमध्ये शिकलेले वकील. १९३४ साली त्यांनी 'नव-दुस्तूर' पक्ष काढला आणि गावोगावी त्याच्या शाखा उभ्या केल्या. त्याच्या जोडीला १९४६ साली फरहात हाशद यांनी कामगार महासंघ उभा केला. हाशद यांची १९५२ मध्ये हत्या झाली, पण संघटना टिकली. २० मार्च १९५६ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हाताशी जुनं प्रशासन होतं, देशभर पसरलेला पक्ष होता आणि कामगार संघटनाही होती. लिबियाकडे यातलं काहीच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑगस्ट १९५६ ला, वैयक्तिक कायदा संहिता आली. बहुपत्नीत्व हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला, नवऱ्याने तोंडी तलाक देणं बंद झालं, घटस्फोट न्यायालयातच घ्यायचा आणि तो बायकोलाही मागता येतो असं ठरलं. हमीद दलवाई यांनी १९६६ साली मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, तेव्हा ट्युनिशियात या कायद्याला दहा वर्षं होत आली होती. वारसाहक्काला मात्र बुर्गिबांनीही हात लावला नाही. मुलीचा वाटा आजही मुलाच्या निम्मा आहे.

पण हे 'धर्म आणि राज्य वेगळं करणं' नव्हतं, आपल्याकडे इथेच गफलत होते. बुर्गिबांनी धर्म राज्याच्या खिशात घातला. वक्फ मालमत्ता सरकारजमा केल्या, शरियत न्यायालयं सामान्य न्यायालयांत विलीन केली आणि शतकानुशतकं चालत आलेलं झैतुना मशिदीचं विद्यापीठ मोडून नव्या सरकारी विद्यापीठाचा एक विभाग करून टाकलं. मशिदीतला इमाम सरकारी पगारावर आला. १९६० च्या दशकात त्यांनी रमजानच्या दिवसांत सर्वांसमोर संत्र्याचा रस प्यायला आणि वर सांगितलं की दारिद्र्याविरुद्धची लढाई हा जिहादच आहे आणि लढणाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा असते. म्हणजे रोजा मोडण्याचा फतवाही अध्यक्षांनीच काढायचा! धर्माचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यांना नको नव्हता. तो दुसऱ्या कुणाकडे असू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मग ते लोकशाहीवादी होते का?

नाही. प्रतिस्पर्धी सालाह बेन युसुफ यांची १९६१ मध्ये फ्रँकफर्टमध्ये हत्या झाली. १९७५ मध्ये बुर्गिबा 'तहहयात अध्यक्ष' झाले. ७ नोव्हेंबर १९८७ ला त्यांचेच पंतप्रधान बेन अली यांनी सात डॉक्टरांकडून 'प्रकृती कारभार पाहण्यास असमर्थ' असा दाखला लिहून घेतला आणि म्हातारबुवांना घरी बसवलं. बेन अलींनी २३ वर्षं राज्य केलं. त्यांच्या काळात लष्कर लहानच राहिलं आणि पोलिस खातं फुगलं. ही नोंद लक्षात ठेवा, खाली लागेल.

'राजकीय इस्लाम' म्हणजे दहशतवादाचंच सभ्य नाव नाही का?

नाही. राज्यकारभार आणि कायदे इस्लामच्या आधाराने चालावेत असं मानून राजकारण करणाऱ्या सगळ्या संघटनांना सरसकट हे नाव दिलं जातं, आणि घोळ तिथेच सुरू होतो. १९२८ साली इजिप्तमधल्या इस्माइलिया गावात हसन अल-बन्ना या शाळामास्तराने काढलेली मुस्लिम ब्रदरहूड दवाखाने, शाळा आणि निवडणुका यांच्या वाटेने गेली. तिच्याच पोटातून, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या तुरुंगांत, सय्यद कुत्ब यांचं जहाल लिखाण आलं. कुत्ब यांना १९६६ मध्ये फाशी झाली. सौदी वळणाचे सलफी (सुरुवातीच्या पिढ्यांचा इस्लाम जसाच्या तसा पाळा म्हणणारे) बराच काळ निवडणुकीलाच निषिद्ध मानत होते. इस्लामिक स्टेटवाल्यांच्या लेखी तर मतदान करणारा इस्लामी पक्ष हा काफिरांहून वाईट. या सगळ्यांना एका पोत्यात भरलं की बेन अलींसारख्या राज्यकर्त्यांचं काम सोपं होतं. त्यांनीही तेच केलं.

खिलाफत चळवळीचा याच्याशी काही संबंध?

आहे, पण आडून. १९१९ पासून मुंबईत भायखळ्यापासून देशभर ज्या खिलाफतीसाठी सभा झाल्या, ती ३ मार्च १९२४ ला खुद्द तुर्कांनीच बरखास्त केली. 'मग आता मुसलमानांच्या राज्याला वैधता कुठून मिळणार?' हा प्रश्न त्यानंतर कैरोत पेटला. चारच वर्षांनी ब्रदरहूड निघाली ती याच पोकळीत.

एन्नाहदा हा पक्ष कुठून आला?

दक्षिणेतल्या गाबेसजवळच्या एल हम्मा गावचे राशिद घन्नुशी. झैतुनाच्या परंपरेत शिकलेले. ती परंपराच बंद झाल्यावर कैरो आणि दमास्कसला गेले, तत्त्वज्ञान शिकले आणि परत येऊन शाळेत शिकवू लागले. अरबीत शिकलेल्या पोरांना फ्रेंच बोलणाऱ्या साहेबांच्या कचेऱ्यांत जागा नव्हती. ही चीड त्यांच्या पिढीची होती, फक्त त्यांची एकट्याची नव्हे. १९८१ साली 'इस्लामी कल चळवळ' (हीच पुढे एन्नाहदा झाली) जाहीर झाली आणि लगेच धरपकड सुरू झाली. १९८९ च्या निवडणुकीत तिचे लोक अपक्ष म्हणून उभे राहिले आणि सरकारी आकड्यांनुसारही सुमारे १४ टक्के मतं घेऊन गेले. एवढं बेन अलींना पुरे झालं. हजारो लोक तुरुंगात गेले, छळ झाला, घन्नुशी लंडनला गेले. ते परतले ३० जानेवारी २०११ ला.

या वीस वर्षांनी पक्षाला दोन गोष्टी दिल्या. तुरुंगात कम्युनिस्ट आणि इस्लामी एकाच कोठडीत होते, बाहेर त्यांचे वकीलही बरेचदा तेच. २००५ मध्ये डाव्या, उदारमतवादी आणि इस्लामी विरोधकांनी मिळून उपोषण केलं, पुढे स्त्रियांचे हक्क आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य यांवर लेखी सहमतीही केली. क्रांतीच्या पाच-सहा वर्षं आधी! इजिप्तमध्ये इतकी खोल सहमती कधी झाली नाही.

क्रांतीची ठिणगी कशी पडली?

१७ डिसेंबर २०१०, सिदी बूझिद. मोहम्मद बुअझिझी या २६ वर्षांच्या फळविक्याचा तराजू आणि माल नगरपालिकेच्या लोकांनी जप्त केला. तो दाद मागायला गव्हर्नरच्या कचेरीत गेला, कुणी भेटलं नाही, आणि त्याने कचेरीबाहेर स्वतःला पेटवून घेतलं. तो पदवीधर होता असं अनेक ठिकाणी छापून आलं. ते खरं नव्हतं. शिक्षण अर्धवट सोडून घर चालवणारा तो मुलगा होता. ४ जानेवारीला तो गेला आणि १४ जानेवारीला बेन अली विमानाने सौदीला पळाले.

पण हे अचानक नव्हतं. २००८ मध्ये गाफ्सा भागातल्या फॉस्फेट खाणींच्या गावांनी नोकरभरतीतल्या वशिलेबाजीविरुद्ध सहा महिने आंदोलन केलं होतं. फॉस्फेट जमिनीखाली त्यांच्या, पैसा मात्र किनाऱ्यावर. १८६४ चाच हिशेब.

निवडणूक इस्लामी पक्षाने जिंकली, मग शरियत का आली नाही?

मला विचाराल तर सगळ्यात शिकण्यासारखं याच भागात आहे.

२३ ऑक्टोबर २०११ च्या मतदानात एन्नाहदाला ३७ टक्के मतं आणि २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या. जवळपास प्रत्येक मतदारसंघात पक्ष पहिला होता. आपल्यासारखी 'ज्याला जास्त मतं तो निवडून' पद्धत असती तर त्यांनी सभागृह झाडून नेलं असतं. पण निवडणुकीचे नियम क्रांतीनंतर सगळ्यांनी मिळून ठरवले होते आणि प्रमाणशीर पद्धत मुद्दाम अशी निवडली होती की लहान पक्षांनाही उरलेल्या मतांवर जागा मिळाव्यात. याद्यांत एकाआड एक स्त्री उमेदवार ठेवणंही बंधनकारक होतं. त्याचा गमतीदार परिणाम असा की घटना समितीतल्या स्त्री सदस्यांत सर्वाधिक एन्नाहदाच्याच होत्या.

बहुमत नाही म्हटल्यावर दोन निधर्मी पक्षांशी युती आली. मोन्सेफ मर्झूकी अध्यक्ष झाले, मुस्तफा बेन जाफर सभापती. मार्च २०१२ मध्ये पक्षाच्या आत जोरदार भांडण होऊन ठरलं की घटनेत 'शरियत' हा शब्द घालायचा नाही, १९५९ चं पहिलं कलमच ठेवायचं: ट्युनिशिया स्वतंत्र, सार्वभौम राज्य, धर्म इस्लाम, भाषा अरबी, व्यवस्था प्रजासत्ताक. उन्हाळ्यात मसुद्यात स्त्री ही पुरुषाला 'पूरक' असल्याचा शब्दप्रयोग शिरला, तर १३ ऑगस्टला, संहितेच्या वाढदिवशीच, हजारो बायका ट्युनिसच्या रस्त्यावर आल्या. शब्द निघाला.

२६ जानेवारी २०१४ च्या रात्री घटना मंजूर झाली: बाजूने २००, विरोधात १२, तटस्थ ४. सहावं कलम वाचण्यासारखं आहे. राज्य धर्माचं रक्षक आहे, श्रद्धा आणि सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देतं, पवित्र गोष्टींचं रक्षण करतं आणि कुणालाही काफिर ठरवण्याच्या आवाहनांना मनाई करतं. एकाच कलमात चौघांच्या मागण्या कोंबल्या आहेत. कायद्याच्या प्राध्यापकाने नाक मुरडावं असंच हे कलम, पण दोनशे माणसं त्यावर बोट वर करू शकली.

इजिप्तमध्ये असं का झालं नाही? तिथेही ब्रदरहूडच होती की.

विचार साधारण तेच होते. फरक आजूबाजूच्या माणसांत होता.

एक तर ब्रदरहूड आणि सलफी मिळून इजिप्तच्या संसदेत दोन तृतीयांशाच्या वर गेले. तडजोडीची गरजच वाटेना. अध्यक्षपदाला उमेदवार देणार नाही असं सांगून ब्रदरहूडने दिला. जून २०१२ मध्ये ब्रदरहूडचे मोहम्मद मुर्सी ५१.७ टक्क्यांवर निवडून आले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने संसद बरखास्त ठरवली. नोव्हेंबरमध्ये मुर्सींनी आपले निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेणारा हुकूम काढला आणि डिसेंबरात घाईघाईने घटना रेटली.

दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. इजिप्तमध्ये १९५२ पासून राज्य म्हणजे लष्कर. चार लाखांहून मोठी फौज, तिचे स्वतःचे कारखाने, जमिनी, बांधकाम कंपन्या. नासर, सादात, मुबारक, तिघेही गणवेशातले. म्हणून निवडणुकीत हरलेल्या उदारमतवाद्यांना एक दार उघडं होतं: जनरलसाहेबांना बोलवा. त्यांनी बोलावलं. ३ जुलै २०१३ ला मुर्सी अटकेत गेले. १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकातलं धरणं गोळीबाराने उठवलं गेलं, ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीनुसार किमान ८१७ माणसं एका दिवसात मेली. मुर्सी २०१९ मध्ये न्यायालयाच्या पिंजऱ्यात कोसळून वारले.

ट्युनिशियाच्या विरोधकांनाही सरकार पाडायचंच होतं. पण बुर्गिबांनी फौज इतकी लहान ठेवली होती की बोलवायचं कुणाला? उरला कामगार महासंघ, आणि महासंघवाले राज्य ताब्यात घेत नाहीत, वाटाघाटीला बसवतात.

नोबेल कुणाला मिळालं होतं?

त्याच वाटाघाटीला. २०१३ मध्ये चोक्री बेलैद (६ फेब्रुवारी) आणि मोहम्मद ब्राहमी (२५ जुलै) या दोन डाव्या नेत्यांना त्यांच्या घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. बार्डोच्या संसदेसमोर लोकांनी तंबू ठोकले. ऑगस्टमध्ये, कैरोत रक्त सांडत होतं त्याच दिवसांत, घन्नुशी पॅरिसला जाऊन आपले कट्टर विरोधक बेजी कैद एसेब्सी यांना भेटले. कामगार महासंघ, मालकांची संघटना, मानवी हक्क संघ आणि वकील मंडळ या चौघांनी मिळून वेळापत्रक आखलं. मालक आणि कामगार एका बाजूला बसलेले क्वचितच दिसतात. एन्नाहदाचं सरकार जानेवारी २०१४ मध्ये पायउतार झालं आणि तज्ज्ञांचं काळजीवाहू सरकार आलं. चौकडीला २०१५ चं शांतता नोबेल मिळालं.

अल्जीरियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं, ते काय?

डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरीत इस्लामी मुक्ती आघाडीने त्या फेरीत निकाल लागलेल्या २३१ पैकी १८८ जागा जिंकल्या. दुसरी फेरी झालीच नाही. जानेवारी १९९२ मध्ये लष्कराने निवडणूक रद्द केली आणि दशकभराच्या यादवीत लाखाहून अधिक माणसं मेल्याचा अंदाज आहे. 'इस्लामी पक्ष एकदा निवडून आले की पुन्हा निवडणूक घेत नाहीत' ही भीती दाखवून निवडणूक रद्द करणाऱ्यांनी ती खरी की खोटी हे तपासायची संधीच ठेवली नाही. घन्नुशींच्या २०१३ मधल्या माघारीमागे शेजारच्या या आठवणीचा मोठा वाटा होता, असं त्यांच्या पक्षातलेही सांगत.

एन्नाहदा खरोखर बदलली की सोंग होतं?

मे २०१६ च्या अधिवेशनात पक्षाने धर्मप्रसार आणि राजकारण वेगळं केलं. मशिदीत प्रवचन द्यायचं असेल तर पक्षाचं पद सोडा. घन्नुशी म्हणू लागले, आम्हाला 'मुस्लिम डेमोक्रॅट' म्हणा.

त्यांच्या मनात काय होतं हे शोधत बसण्यात मला फार अर्थ वाटत नाही. पक्षाने काय केलं ते दिसतं. २०१४ मध्ये जुन्या राजवटीतल्या लोकांना निवडणूक लढवायला बंदी घालणारं कलम एका मताने पडलं (१०९ हवी होती, १०८ पडली), आणि ते पाडण्यात घन्नुशींचा हात होता. त्या लोकांच्याच निदा तुनिस पक्षाने त्या वर्षी ८६ जागा जिंकून एन्नाहदाला ६९ वर आणलं. एन्नाहदाने निकाल मानला आणि त्यांच्याच सरकारात धाकटा भाऊ म्हणून बसली. लिबियाने त्याउलट २०१३ मध्ये बंदुकीच्या धाकाखाली बंदीचा कायदा केला आणि वर्षभरात देशाची दोन सरकारं झाली.

या शहाणपणाची किंमत मात्र भारी होती. आतल्या भागातल्या ज्या लोकांनी एन्नाहदाला मतं दिली, त्यांना ती सत्तेसाठी जुन्याच लोकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली दिसली. २०१९ पर्यंत ती ५२ जागांवर आली, तरी पहिलीच, कारण बाकी सगळे फुटले होते.

एवढी लोकशाही होती, तर हजारो तरुण सीरियात लढायला का गेले?

आधी बंद केलेल्या झैतुनामुळे, असं एक मत आहे: शिकलेले इमामच नसल्यामुळे पोरांनी धर्म सॅटेलाइट वाहिन्यांवरून शिकला. त्यात तथ्य आहे, पण पुरेसं नाही. क्रांतीनंतर तुरुंग उघडले, पोलिस भेदरले आणि अन्सार अल-शरियासारख्या जिहादी गटांना दीड-दोन वर्षं मोकळं रान मिळालं. एन्नाहदा त्यांना 'आमचीच वाट चुकलेली मुलं' समजत राहिली. ही तिची सगळ्यात महागडी चूक. २०१५ मध्ये बार्डो संग्रहालय आणि सूसच्या समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांवर हल्ले झाले आणि हॉटेल व्यवसाय बसला.

लोक लोकशाहीला कंटाळले कशाने?

पोटाने. दहा वर्षांत जवळपास तितकीच सरकारं. बेरोजगारी पंधरा टक्क्यांच्या आसपास, आतल्या जिल्ह्यांत त्याहून कितीतरी जास्त. असंतोष शमवायला सरकारी नोकऱ्या वाटल्या, पगाराचा बोजा वाढला, मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज आणि त्याच्या अटी. फॉस्फेटचं उत्पादन संप आणि रेल्वेमार्ग अडवण्यामुळे निम्म्याच्या खाली गेलं. भारतही खतासाठी तिथून फॉस्फोरिक आम्ल घेतो, म्हणजे गाफ्सातल्या रुळांवर बसलेल्या बेकार पोरांचा धागा आपल्या खताच्या गोणीपर्यंत येतो. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडने रुग्णालयं भरली, ऑक्सिजन संपला आणि संसदेत खासदार एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. ते सगळं थेट प्रक्षेपणात दिसत होतं.

२५ जुलै २०२१ ला नेमकं काय झालं?

कैस सईद हे घटनात्मक कायदा शिकवणारे निवृत्त अध्यापक. पक्ष नाही, पैसा नाही, तोंडात छापील अरबी. २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी ७२ टक्क्यांहून अधिक मतं घेतली. २५ जुलैच्या रात्री त्यांनी घटनेच्या ८० व्या कलमाखाली पंतप्रधानांना काढलं आणि संसद गोठवली. मध्यरात्रीनंतर सभापती घन्नुशी बार्डोला पोहोचले तर फाटकाला कुलूप आणि आत लष्करी वाहन. आपण घटनेचे रक्षक आहोत असं उपसभापती बाहेरून सांगत होत्या, आपण देशाचे रक्षक आहोत असं शिपाई आतून उत्तर देत होते. ८० वर्षांचा माणूस पहाटे गाडीत बसून राहिला.

त्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं की अशा काळात संसद सतत अधिवेशनात राहील आणि तीस दिवसांनी घटनात्मक न्यायालय फैसला देईल. पण न्यायालयच नव्हतं! बारापैकी चार न्यायाधीश संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडायचे होते. सात वर्षांत पक्षांना एकाच नावावर एकमत करता आलं. प्रत्येकाला भीती होती की दुसऱ्याचा माणूस बसेल. २०१४ साली तडजोडीत इतके तरबेज असलेल्यांनी हे एक काम केलं असतं तर सईद यांना त्या रात्री विचारणारं कुणीतरी असतं.

लोकांनी विरोध का केला नाही?

केला नाही एवढंच नाही, हॉर्न वाजवत रस्त्यावर येऊन आनंद साजरा केला. अनेक ठिकाणी एन्नाहदाच्या कचेऱ्यांवर हल्ले झाले. कामगार महासंघानेही आधी सावध पाठिंबा दिला. त्यानंतर एकेक दोर कापला गेला: फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्याय परिषद बरखास्त, मार्चमध्ये संसद, जूनमध्ये ५७ न्यायाधीश एका दिवसात बडतर्फ, सप्टेंबरात 'खोट्या बातम्यां'वर तुरुंगवासाचा ५४ क्रमांकाचा अध्यादेश. इजिप्तसारखे रणगाडे लागले नाहीत. बेन अलींनी फुगवलेलं पोलिस खातं क्रांतीनंतर कुणी सुधारलंच नव्हतं, ते तयार होतं.

एन्नाहदा गेली म्हणजे नवी घटना तरी धर्मनिरपेक्ष झाली असेल?

उलट. २५ जुलै २०२२ च्या सार्वमतात (मतदान तीस टक्क्यांच्या आसपास) मंजूर झालेल्या घटनेचं पाचवं कलम सांगतं की ट्युनिशिया इस्लामी उम्मतचा (जगभरच्या मुस्लिम समुदायाचा) भाग आहे आणि इस्लामची उद्दिष्टं साध्य करण्याचं काम राज्याने, आणि राज्यानेच, करायचं. 'नागरी राज्य' हा २०१४ चा शब्द गेला. वारसाहक्कात मुलींना समान वाटा देण्याचं एसेब्सींनी अध्यक्ष असताना २०१८ मध्ये मांडलेलं विधेयक संसदेत अडकलं होतं, त्याला सईद यांचा उघड विरोध आहे. इस्लामी पक्षाला संपवणाऱ्या माणसाच्या घटनेत त्या पक्षाच्या घटनेपेक्षा धर्म जास्त आहे. बुर्गिबांचं सूत्रच पुन्हा आलं: धर्माचा अर्थ राज्य लावणार. फक्त बुर्गिबांनी ते सुधारणेसाठी वापरलं होतं.

मग इस्लाम आणि लोकशाही जमतात की नाही?

वरची उत्तरं वाचल्यावर हा प्रश्न थोडा पोकळ वाटतो. लोकशाही इजिप्तमध्ये लष्कराने मोडली, अल्जीरियात लष्कराने, ट्युनिशियात निवडून आलेल्या कायद्याच्या शिक्षकाने. इस्लामी पक्षांनी चुका भरपूर केल्या, मुर्सींनी तर खुर्चीखालची जमीन स्वतःच उकरली. पण शेवटचा हात कुणाचा होता हे नोंदवायला हवं. राज्याची यंत्रं कुणाच्या हातात आहेत आणि त्याला अडवणारं कोण आहे, हे विचारलं की जास्त हाती लागतं.

राजेशाह्यांचं काय?

मोरोक्कोचा राजा स्वतःच 'श्रद्धावंतांचा सेनापती' आहे, म्हणून तिथे इस्लामी पक्षाला धर्माचा दावा करता येत नाही. २०११ मध्ये तो सरकारात आला, दहा वर्षं राजाच्या निर्णयांचं ओझं वाहिलं आणि २०२१ च्या निवडणुकीत १२५ जागांवरून १३ वर आला. न तुरुंग, न गोळी. आखातात तेलाचा पैसा आणि नाममात्र कर यांमुळे गणितच वेगळं. तिथली सगळ्यात बोलकी संसद कुवेतची होती. मे २०२४ मध्ये अमीरांनी तीही स्थगित केली.

आता ही माणसं कुठे आहेत?

घन्नुशींना एप्रिल २०२३ मध्ये रमजानच्या संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला घरून उचललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका खटल्यात त्यांना २२ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात ते एकटे नाहीत. सईद यांच्या पावलाचं आधी स्वागत केलेले काही निधर्मी नेतेही आत आहेत. एप्रिल २०२५ मध्ये 'कटा'च्या खटल्यात १३ ते ६६ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या गेल्या.

ऑक्टोबर २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक सईद यांनी ९० टक्क्यांवर जिंकली. मतदान २९ टक्क्यांच्या आसपास होतं. तीनपैकी एक उमेदवार तुरुंगात होता. प्रशासकीय न्यायालयाने आणखी तिघांना उभं राहू द्या म्हटलं, तर निवडणूक आयोगाने ते ऐकलं नाही आणि मतदानाला आठवडाभर उरला असताना संसदेने निवडणुकीचे तंटे त्या न्यायालयाकडून काढूनच घेतले. नव्या घटनेतही अध्यक्षाला दोनच मुदती आहेत. सईद यांची २०१९ ची मुदत, जी जुन्या घटनेखाली सुरू झाली, त्यात धरायची की नाही, यावर २०२९ च्या आधी वाद होणार हे दिसतंच आहे. तो सोडवण्याचं काम घटनात्मक न्यायालयाचं, आणि २०२२ च्या घटनेत लिहिलेलं ते न्यायालय २०२४ च्या मतदानापर्यंत तरी नेमलं गेलं नव्हतं.